कासवाची पाठ, टोपलीचे डोळे : जपानी नक्षीतली भूमिती

जपानमध्ये तान्ह्या बाळाच्या अंगड्यावर एक ठरावीक नक्षी फार पूर्वीपासून काढली जाते. सहा पानांची एक चांदणी, तिला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. मध्ये तिळाएवढीही जागा मोकळी नाही. या नक्षीचे नाव ‘आसानोहा’, म्हणजे ‘आसाचे पान’. आणि आसा म्हणजे काय, तर भांगेचे झाड! बाळाच्या अंगड्यावर भांगेचे पान आहे असे सांगितले, तर आपल्याकडची एखादी आजी ते अंगडे परत पाठवून देईल. पण जपानी आजीच्या डोळ्यांसमोर नशा नसते, धागा असतो. जपानमध्ये कापसाचे पीक पसरले ते सोळाव्या-सतराव्या शतकांत. त्याआधी सामान्य माणसाचा कपडा बहुधा भांगेच्या सालीतून काढलेल्या धाग्याचा असे. धाग्यासाठी हे पीक दाट पेरतात. दाटीमुळे रोपांना बाजूला फांद्या फुटायला वाव मिळत नाही. प्रत्येक रोप उजेडासाठी सरळ वर धावते आणि साधारण चार महिन्यांत माणसाच्या डोक्याच्या वर जाते. त्याला आधाराची काठी लागत नाही. आपले मूलही असेच सरळ आणि झपाट्याने वाढावे, म्हणून त्याच्या अंगावर आसानोहा.

तेव्हा या नक्षीचा अर्थ कोणा मांत्रिकाने तिच्यात भरलेला नाही. शेतकऱ्याला बांधावर उभे राहून जे दिसत होते, तेच कापडावर आले.

आता कंपासपेटी काढा आणि ही नक्षी स्वतः काढून पाहा. कागदावर समभुज त्रिकोणांचे जाळे काढा. प्रत्येक बाजू चार सेंटिमीटर घेतली तर काम सोपे जाईल. मग प्रत्येक त्रिकोणाचा मध्यबिंदू शोधा आणि तो त्या त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना जोडा. झाली आसानोहा! एका त्रिकोणाचे आता तीन लहान त्रिकोण झाले. त्या प्रत्येकाचे कोन ३०, ३० आणि १२० अंशांचे आहेत. जाळ्यातल्या कोणत्याही एका कोपऱ्यावर बोट ठेवा. तिथे बारा रेषा एकत्र येतात. बोटाभोवती सहा लांबट चौकोन दिसतील आणि प्रत्येकाच्या मधोमध पानाची शीर असावी तशी एक रेषा. हीच ती सहा पाने. गंमत अशी की, यातले प्रत्येक पान दोन चांदण्यांच्या मालकीचे असते. त्याचे एक टोक या चांदणीच्या पोटात, तर दुसरे टोक शेजारणीच्या.

आता खरे पान आठवा. भांगेचे पान हाताच्या पंजासारखे असते. त्याला पाच, सात, कधी नऊ बोटे असतात. पण सहा बोटे सारख्या अंतरावर गोलाकार मांडलेली कधीच नसतात. मग हे चित्र पानावरून कसे आले? ते पानावरून आलेलेच नाही. हेइआन काळातल्या (७९४ ते ११८५) बुद्धमूर्तींच्या वस्त्रांवरही सोन्याच्या वर्खाच्या बारीक पट्ट्यांनी ही नक्षी केलेली आढळते. ‘आसाचे पान’ हे नाव तिला फार नंतर मिळाले. आधी भूमिती होती. मग कोणाला तरी तिच्यात ओळखीचे पान दिसले, आणि पान दिसल्यावर त्या झाडाचे गुणही नक्षीला चिकटले.

जपानी नक्ष्यांचा हा स्वभाव लक्षात ठेवला, तर पुढच्या बऱ्याच नक्ष्या आपोआप उलगडतात. कापडाचे ठाण असो की भिंत, ती एकाच आकाराने फट न ठेवता भरायची असेल तर कारागिराच्या हाती फार थोडे पर्याय असतात. एका बिंदूभोवतीचे सर्व कोन मिळून ३६० अंश झाले पाहिजेत. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून सहा त्रिकोण बरोबर बसतात. चौरस चार बसतात. नियमित षट्कोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून ते तीन बसतात. पंचकोनाचे काय? त्याचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट राहते. चौथा घालायला जावे तर तो मावत नाही. नियमित आकारांपैकी फक्त एकच आकार वापरायचा असेल, तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन या तिघांवरच गाडी थांबते. हा नियम जपानला जसा लागू, तसाच आग्ऱ्याच्या जाळीला आणि मधमाशीच्या पोळ्यालाही. जपानी कारागिरांचे वेगळेपण एवढेच की, या तीन-चार जाळ्यांतून त्यांना असंख्य ओळखीच्या वस्तू दिसल्या.

नुसत्या षट्कोनांच्या जाळ्यात त्यांना कासवाची पाठ दिसली. या नक्षीला ‘किक्को’, म्हणजे कासवाचे कवच, असे म्हणतात. क्रौंच पक्षी हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार, अशी जपानमध्ये जुनी समजूत आहे. त्यामुळे किक्को ही दीर्घायुष्याची नक्षी झाली आणि लग्नकार्यात मानाने मिरवू लागली. दहा हजार वर्षे ही अर्थातच अतिशयोक्ती आहे. पण तिच्या मुळाशी खरे निरीक्षण आहे. सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन नावाचे प्रसिद्ध महाकासव १८३२ च्या सुमारास जन्मले असे मानतात. म्हणजे त्याने दीडशे वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडला! कासवाच्या पाठीवर मधल्या रांगेत साधारणपणे पाच मोठे खवले असतात आणि ते बरेचसे षट्कोनी दिसतात. बाजूचे खवले मात्र तसे नसतात. नक्षी काढणाऱ्याने मधली रांग घेतली आणि बाजूकडे काणाडोळा केला, एवढेच.

आता मला सर्वांत आवडणारी नक्षी. तिचे नाव ‘कागोमे’. ‘कागो’ म्हणजे टोपली आणि ‘मे’ म्हणजे डोळा. नारळाला डोळे असतात, उसाला डोळा असतो, तसे जपानी भाषेत टोपलीच्या विणीतल्या भोकांना आणि शिवणीच्या टाक्यांनाही ‘मे’ म्हणतात. कागोमेची टोपली विणायला बांबूच्या पट्ट्या तीन दिशांनी घेतात. प्रत्येक दिशा दुसरीशी ६० अंशांचा कोन करते. पट्ट्या एकीच्या वरून, दुसरीच्या खालून गेल्या की मध्ये षट्कोनी डोळे उरतात आणि प्रत्येक डोळ्याभोवती सहा लहान त्रिकोण बसतात. कोणत्याही जोडावर कोन मोजा : ६०, १२०, ६०, १२०. बेरीज पुन्हा ३६०! या विणीत खिळा नाही, गाठ नाही, तरी पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात आणि सहसा सरकत नाहीत. आपल्याकडेही बांबूच्या काही जाळीदार टोपल्या अशाच विणतात. बुरूडआळीत गेलात तर टोपलीच्या डोळ्याला किती बाजू आहेत ते जरूर मोजा.

मोजताना एखादा डोळा पंचकोनी निघाला तर बुरूड चुकला असे समजू नका. सपाट विणीला वाटीसारखा खोलगट आकार द्यायचा असेल तेव्हा कारागीर एखाद्या ठिकाणी सहाऐवजी पाचच पट्ट्यांत डोळा बांधतो. पाच पट्ट्यांनी घेरलेली जागा कमी पडते आणि वीण आपोआप वर उचलली जाते. वर आपण पाहिलेली ३६ अंशांची फट आठवते ना? सपाट कागदावर जी अडचण होती, तीच इथे टोपलीच्या कामी येते. असे बारा पंचकोनी डोळे ठेवले तर वीण चहूबाजूंनी मिटून चेंडू तयार होतो. सेपाक टकरॉ या खेळाचा वेताचा चेंडू पाहा. त्याला बरोबर बारा पंचकोनी भोके असतात.

टोपलीला डोळे आहेत म्हटल्यावर ती पाहणारच! पूर्व जपानच्या काही भागांत दुसऱ्या आणि बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी लोक लांब काठीला जाळीदार टोपली अडकवून ती घरासमोर उंच उभारीत. त्या दिवशी एकडोळे भूत गावातून हिंडते असा समज होता. एवढे डोळे आपल्याकडे रोखलेले पाहून ते एक डोळ्याचे बिचारे घाबरून निघून जाईल, ही त्यामागची कल्पना. तान्ह्या बाळाच्या अंगड्याच्या बाबतीतही असेच. मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मधोमध शिवण असते; बाळाचे अंगडे एकाच पन्ह्याचे, म्हणून त्याच्या पाठीला शिवण नसते. शिवण नाही म्हणजे ‘मे’ नाही, म्हणजे पाठीमागे पहारा करणारा डोळा नाही! मग आई मुद्दाम पाठीवर रंगीत दोऱ्याचे चार टाके घालून देई. भुतावर आपला विश्वास नसेल. पण एका शब्दाच्या दोन अर्थांतून केवढी रीत उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

कागोमेची गोष्ट इथे संपत नाही. १९५१ मध्ये ओसाका येथील शोजी इचिरो या भौतिकशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘कागोमे’ हा शब्द होता. प्रश्न चुंबकत्वाचा होता. तो असा समजून घ्या. अणू म्हणजे लहानशा चुंबकसुया आहेत आणि प्रत्येक सुईचे टोक एक तर वर किंवा खाली असू शकते अशी कल्पना करा. काही पदार्थांत शेजारच्या सुयांना एकमेकींच्या विरुद्ध राहायला आवडते. अणू चौरसांच्या जाळ्यावर मांडलेले असतील तर अडचण नाही. बुद्धिबळाच्या पटासारखे एक वर, एक खाली असे सारे सुखाने राहतील. पण तीन अणू त्रिकोणात बसले तर? पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने काय करावे? वर तोंड केले तर पहिल्याशी जुळत नाही, खाली केले तर दुसऱ्याशी. कोणी ना कोणी नाराज राहणारच. शास्त्रज्ञांनी या अवस्थेला ‘वैफल्य’ असेच नाव दिले आहे!

कागोमेच्या विणीत हे त्रिकोण एकमेकांना फक्त कोपऱ्यांत टेकतात. त्यामुळे एका त्रिकोणाने कशीबशी तडजोड केली तरी शेजारच्या त्रिकोणाचा प्रश्न सुटत नाही. सारख्याच बऱ्या-वाईट अशा अगणित रचना शक्य होतात आणि पदार्थाला त्यांतली एक निवडता येत नाही. ‘हर्बर्टस्मिथाइट’ नावाच्या हिरव्या खनिजात तांब्याचे अणू नेमके कागोमेच्या जोडांवर बसलेले असतात. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेले, तरी त्या अणूंच्या सुया शिस्तीत उभ्या राहत नाहीत. अशा पदार्थांचा अभ्यास आज जगभर जोरात चालू आहे आणि इंग्रजी, जर्मन, चिनी शास्त्रज्ञही त्या जाळीला कागोमेच म्हणतात. भुताला घाबरवणारी टोपली थेट प्रयोगशाळेत जाऊन बसली!

वर्तुळांनी जागा पूर्ण भरत नाही, फटी राहतात. पण वर्तुळे एकमेकांवर चढवली तर? त्यातून ‘शिप्पो’ नक्षी होते. ती काढायची युक्ती सोपी आहे. चौकटीचा कागद घ्या. बुद्धिबळाच्या पटावर एक सोडून एक घर काळे असते, तसे रेषांच्या छेदनबिंदूंपैकी एक सोडून एक बिंदू निवडा; खालच्या ओळीत एक घर सरकून निवडा. प्रत्येक निवडलेल्या बिंदूवर कर्कटकाचे टोक ठेवून एका चौकटीच्या बाजूएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. प्रत्येक वर्तुळात चार पाकळ्या आणि मध्ये एक टोकदार तारा तयार होईल. वर्तुळाचे किती क्षेत्रफळ पाकळ्यांनी व्यापले, ते वरच्या वर्गातल्या मुलांनी काढून पाहावे. उत्तर सुमारे ७३ टक्के यायला हवे.

शिप्पो म्हणजे सात रत्ने. ही सात रत्ने भारतातली. बौद्ध ग्रंथांतील ‘सप्तरत्ने’ चीनमार्गे जपानला पोचली. त्यांच्या याद्या सगळीकडे सारख्या नाहीत, पण सोने आणि चांदी बहुतेक याद्यांत असतात. मात्र नक्षीत सात असे काहीच नाही, आहेत ती चार! म्हणून काही जाणकार सांगतात की, मूळ नाव चार दिशा या अर्थाचे ‘शिहो’ असावे आणि उच्चार बदलत त्याचे शिप्पो झाले असावे. दुसरा अर्थ अधिक गोड आहे. जपानीत वर्तुळाला ‘एन’ म्हणतात आणि माणसांमाणसांतल्या ऋणानुबंधालाही ‘एन’च म्हणतात. एकात एक गुंतलेली, कुठेच न संपणारी वर्तुळे म्हणजे माणसांचे गोतावळे.

तीच वर्तुळे माशाच्या खवल्यांसारखी, खालची अर्धी झाकून, एकावर एक रचली आणि प्रत्येकात लहान लहान वर्तुळे काढली की समुद्राच्या लाटा होतात. ही ‘सेइगाइहा’. नाव राजदरबारातल्या एका नृत्याचे. मुरासाकी शिकिबू या लेखिकेने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘गेंजी’च्या कथेत नायक हेच नृत्य करतो. वादळी समुद्राची ही नक्षी नव्हे. सारख्या, शांत, येतच राहणाऱ्या लाटांची आहे. आणि घरात तशीच शांतता नांदावी म्हणून ती वापरतात.

त्रिकोणांची साधी रांग म्हणजे ‘उरोको’, खवले. साप कात टाकतो आणि नवा होतो, म्हणून ही संकटातून राखणारी नक्षी. कामाकुरा येथून राज्यकारभार चालवणाऱ्या होजो घराण्याचे चिन्ह तीन खवल्यांचे होते. त्यांच्या पूर्वजाने एनोशिमा बेटावर बेन्झाइतेन देवीची प्रार्थना केली आणि देवीने जाताना तीन खवले मागे ठेवले, अशी कथा आहे. ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध धर्माबरोबर ती तिकडे गेली आणि जपानी झाली. स्वस्तिकही तसाच गेला. मोडक्या स्वस्तिकांची साखळी असलेली ‘सायागाता’ नक्षी पांढऱ्या रेशमात अंगच्या अंगी विणलेली असते आणि जपानी नकाशांत बौद्ध मंदिराची खूण म्हणून स्वस्तिकच छापतात.

‘यागासुरी’ म्हणजे बाणाची पिसे. सुटलेला बाण परत येत नाही, म्हणून एदो काळात (१६०३ ते १८६८) सासरी जाणाऱ्या मुलीला यागासुरीचा किमोनो देत. मुलीने परत येऊ नये हा अर्थ आज कोणाला फारसा रुचणार नाही. पण पुढे मेइजी काळात शाळेत जाणाऱ्या मुलींनी हीच नक्षी उचलली. ध्येयाकडे सुटलेला बाण! पदवीदान समारंभात अनेक विद्यार्थिनी आजही ती हौसेने नेसतात. चित्र तेच, बाण तोच. अर्थ मात्र मुलींनी बदलून टाकला.

राहता राहिला चौरस. काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी जगात सगळीकडे आहे आणि जपानमध्येही ती अतिप्राचीन आहे. तिला पूर्वी ‘दगडी फरसबंदी’ असे साधे नाव होते. १७४१ मध्ये एदो शहरातील (आजच्या तोकियोतील) नाकामुरा नाट्यगृहात सानोगावा इचिमात्सु या देखण्या काबुकी नटाने या नक्षीचे वस्त्र घालून भूमिका केली. शहरातल्या बायकांना ती इतकी आवडली की, सर्वत्र तेच कापड दिसू लागले आणि नक्षीचे नावच ‘इचिमात्सु’ पडले. नट १७६२ मध्ये वारला, नाव राहिले. चौकटी कोणत्याही दिशेला कितीही वाढवता येतात, त्यांना शेवट नसतो, म्हणून वंश आणि व्यापार वाढत राहो असा अर्थही तिला मिळाला.

तोकियोच्या २०२० च्या ऑलिंपिकचे चिन्ह (स्पर्धा महामारीमुळे २०२१ मध्ये झाल्या) याच नक्षीचे होते. आधी निवडलेले चिन्ह बेल्जियममधील एका नाट्यगृहाच्या चिन्हासारखे आहे अशी तक्रार झाल्यामुळे ते २०१५ मध्ये मागे घ्यावे लागले होते. मग २०१६ मध्ये आसाओ तोकोरो यांचे चिन्ह निवडले गेले. त्यात निळीच्या रंगाचे ४५ चौकोन आहेत आणि ते फक्त तीन प्रकारचे आहेत. तेच ४५ तुकडे वेगळ्या तऱ्हेने मांडून पॅरालिंपिकचेही चिन्ह केले आहे. तुकडा एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

याच सुमारास एक कज्जाही उभा राहिला. ‘किमेत्सु नो याइबा’ या अफाट खपलेल्या चित्रकथेतल्या पात्रांच्या अंगावर जुन्याच नक्ष्या आहेत : नायकाच्या अंगावर हिरव्या-काळ्या इचिमात्सुच्या चौकटी, त्याच्या बहिणीच्या अंगावर गुलाबी आसानोहा, त्यांच्या मित्राच्या अंगावर उरोकोचे त्रिकोण. नकली माल विकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी प्रकाशकांनी जून २०२० मध्ये या आणि आणखी तीन पात्रांच्या वस्त्रांच्या नक्ष्या व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केले. उरलेल्या तीन पात्रांच्या, खास त्यांच्यासाठी रचलेल्या नक्ष्या नोंदल्या गेल्या. इचिमात्सु, आसानोहा आणि उरोको यांना मात्र जपानच्या पेटंट कार्यालयाने नकार दिला. नायकाच्या चौकटींबद्दल कार्यालयाचे म्हणणे असे की, हा पूर्वापार चालत आलेला, सर्वांच्या वापरातला नमुना आहे. तो पाहून अमुक एका विक्रेत्याचा माल असे कोणी ओळखणार नाही. त्यामुळे बाळाच्या अंगड्यावर आसानोहाचे टाके घालायला जपानी आजीला आजही कोणाची परवानगी लागत नाही.